चुंबकी श्वेतबटू न उघडता आतलं कसं ऐकायचं? (गुरुत्वलहरींवर धागा)

तापीकाठ (३ सप्टेंबर, रात्री ११:४०)

नमस्कार मंडळी. या आठवड्यात आमच्या फीडरला रात्रीची लाईट आहे म्हणून केळीला पाणी द्यायला रोज शेतात येतोय, मोटर चालू केली की दोन-तीन तास बांधावर बसायचं, मोबाईलला रेंज धड नाही, मग वर बघत बसायचं. पाऊस उघडलाय, काल आभाळ इतकं स्वच्छ होतं की धनिष्ठाचा छोटा चौकोन डोक्यावर स्पष्ट दिसत होता. त्याच्या खाली दक्षिणेला साधारण १५ अंशावर कुंभ राशीच्या हद्दीत एक तारा आहे, नुसत्या डोळ्याला दिसत नाही, नाव एई ॲक्वेरी. गेले आठ-दहा दिवस त्याच्यावर वाचतोय आणि ते कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवत नाहीये.

एई ॲक्वेरी हा एकटा तारा नाही, जोडी आहे. एक साधा तारा आणि एक श्वेतबटू. श्वेतबटू म्हंजे सूर्यासारखा तारा जळून संपला की मागे उरतो तो गाभा, वस्तुमान सूर्याच्या जवळपास आणि आकार पृथ्वीएवढा. एवढं सगळं एवढ्याशा जागेत दाबलं की एका घन सेंटिमीटरचं वजन एक टनाच्या आसपास जातं, म्हंजे चहाचे तीन चमचे भरले की रावेरहून दिल्लीला जाणारा केळीचा भरलेला ट्रक झाला.

आणि हा जो एई ॲक्वेरीमधला श्वेतबटू आहे तो ३३ सेकंदांत एक गिरकी घेतो. १९७९ मध्ये जोसेफ पॅटरसन यांनी त्याच्या प्रकाशातली ही ३३ सेकंदांची उघडझाप पकडली. पृथ्वीएवढा गोळा, ३३ सेकंदांत एक फेरा! हिशोब करा, विषुववृत्तावरचा वेग सेकंदाला १२०० किलोमीटर येतो, आपली पृथ्वी तिथे सेकंदाला अर्धा किलोमीटरसुद्धा फिरत नाही. तो आपल्यापासून सुमारे ३०० प्रकाशवर्षं लांब आहे म्हणजे आज पोचणारा प्रकाश थोरल्या बाजीरावांच्या काळात निघालेला.

आता मुद्दा. असा जोरात फिरणारा श्वेतबटू जर जबर चुंबकी असेल आणि चुंबकाचा अक्ष फिरण्याच्या अक्षाशी तिरका असेल, तर तो अवकाशात गुरुत्वलहरी (म्हंजे खुद्द अवकाशच किंचित ताणत-आक्रसत पुढे जाणाऱ्या लाटा) सोडत राहतो. दोन कृष्णविवरं धडकतात तेव्हा सेकंदाच्या आत सगळा खेळ आटपतो, १४ सप्टेंबर २०१५ ला लायगोने (अमेरिकेतली गुरुत्वलहरी टिपणारी यंत्रणा) पहिल्यांदा पकडलेली लहर तशीच होती. ही लहर मात्र रात्रंदिवस एकाच सुरात, वर्षानुवर्षं येत राहणार. फार क्षीण आहे, आजवर एकही पकडली गेलेली नाही. पण मला त्याच्यातली एक गोष्ट फार म्हंजे फार भावली: ताऱ्याचा प्रकाश आपल्याला फक्त त्याच्या सालीचं सांगतो, ही लहर आतलं सांगेल.

कुणाला रस असेल तर बोलूया. मोटर बंद करायची वेळ झाली.

शिरपूरना_भाऊ

भाऊ, भलतं भारी लिखेल शे. माले एक गोट समजनी नई, तारा फिरस तर त्यानं चुंबक तिरकं कसं राहस? संगेच फिराले पाहिजे ना?

तापीकाठ

@शिरपूरना_भाऊ संगेच फिरतं भाऊ. पृथ्वीचं पण तसंच आहे, होकायंत्र दाखवतं ती उत्तर आणि खरी उत्तर यात थोडा फरक असतो, तो तिरकेपणा पृथ्वीबरोबरच फिरतो. श्वेतबटूत हा कोन बराच मोठा असू शकतो. तिरकं असल्यामुळेच तर ३३ सेकंदांची उघडझाप दिसते, जोडीदार ताऱ्याकडून आलेला माल चुंबकी ध्रुवापाशी पडून तो भाग तापतो आणि फिरता फिरता तो समोर येतो, परत मागे जातो. ध्रुव अगदी अक्षावर असता तर आपल्याला काहीच उघडझाप दिसली नसती.

मोटारवाला_चोपडा

सर मी रिवाइंडिंगचं काम करतो, २२ वर्षं झाली, सबमर्सिबल आणि मोनोब्लॉक दोन्ही. तुमचं ते शेवटचं वाक्य वाचलं आणि थांबलो. आमच्याकडे मोटर येते तेव्हा आधी खोलत नाही. चालू करायची, लांब पेचकसाचं टोक बेअरिंगच्या जागी बॉडीवर टेकवायचं आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावायची. आतलं सगळं ऐकू येतं. बेअरिंग घासतंय तर वेगळा आवाज, शाफ्ट वाकडा असेल तर प्रत्येक फेऱ्याला एक दणका, रोटर घासत असेल तर चर्र. बाहेरून रंगरंगोटी केलेली नवीकोरी मोटर दिसते आणि आतून गेलेली असते.

म्हणजे ताऱ्याचं पण तसंच म्हणायचं का? एका बाजूला वजन जास्त झालं, बॅलन्स गेला, म्हणून थरथरतो आणि त्याची लहर येते? आमच्याकडे असं झालं की फेऱ्याला एक दणका बसतो.

अमळनेरकर

धागा फार आवडला. मूळचा अमळनेरचा, सध्या पुण्यात डेटाचं काम करतो, एमएस्सीला हाच विषय होता.

@मोटारवाला_चोपडा दादा, तुमचं पेचकसाचं उदाहरण मी यापुढे सगळीकडे वापरणार आहे. फक्त एका जागी फरक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. तुमचा रोटर बेअरिंगमध्ये धरलेला असतो, शाफ्ट ठरलेल्या जागी फिरला पाहिजे अशी सक्ती असते, म्हणून एका बाजूला वजन जास्त झालं की बॉडीला दणका बसतो. तारा कशातच धरलेला नाही, अधांतरी आहे. तो आपल्या वस्तुमानकेंद्राभोवतीच फिरणार, त्यामुळे 'एक बाजू जड' असं तिथे होतच नाही. केंद्र जागचं हलत नाही म्हणून त्या प्रकारची गुरुत्वलहर निघत नाही. लहर निघते ती आकार लांबट किंवा चपटा असेल आणि तो लांबटपणा फिरताना दिशा बदलत असेल तर.

आणि नुसतं फिरण्यानेही तारा कमरेला फुगतो, पण तो फुगवटा सगळीकडून सारखा असतो, कुठल्याही क्षणी फोटो काढा तोच आकार दिसतो. त्याने एक थेंबभरही लहर निघत नाही. कितीही जोरात फिरवा. तिरकेपणा पाहिजेच.

सुलूताई_धुळे

मला हे वाचून कळेना म्हणून मी स्वयंपाकघरात करून बघितलं, सांगते. भरताचं वांगं घेतलं, बामणोदचं आलं होतं बाजारात, पाऊण किलोचं एकच. विणायची लांब सुई देठातून आरपार बुडापर्यंत घातली आणि दोन बोटांत धरून फिरवली. ट्यूबलाईटच्या उजेडात भिंतीवर सावली पाडली. वांगं फिरतंय पण सावली ढिम्म, जशीच्या तशी! मग सुई काढली आणि मधोमध आडवी घातली. आता फिरवलं की सावली लांब, आखूड, लांब, आखूड. एका फेऱ्यात दोनदा लांब झाली. मग तिरकी घातली तेव्हा सावली लांब-आखूड पण व्हायची आणि शिवाय डोलायची सुद्धा, एकदा देठ वर एकदा खाली.

अमळनेरकर, हेच म्हणताय ना तुम्ही?

अमळनेरकर

ताई, अगदी हेच!! वर्गात फळ्यावर समीकरणं मांडून तास जातो ते तुम्ही एका वांग्यात दाखवलंत. तुमची निरीक्षणं गणिताशी तंतोतंत जुळतात. सुई आडवी, म्हणजे कोन ९० अंश, तेव्हा लहर फक्त दुप्पट वारंवारतेने निघते, फेऱ्याला दोनदा. तिरकी सुई असेल तेव्हा दोन सूर निघतात, एक फेऱ्याच्या वारंवारतेचा (तुमचं ते डोलणं) आणि एक दुपटीचा. आणि या दोन सुरांचं प्रमाण मोजलं की सुई किती तिरकी आहे ते कळतं. म्हणजे ३०० प्रकाशवर्षांवरून ताऱ्याच्या आतल्या चुंबकाचा कोन!

आणि वांगंच घेतलंत ते फार योग्य झालं. ताऱ्याच्या आत चुंबकक्षेत्र जर बांगडीसारखं अक्षाभोवती गुंडाळलेलं असेल तर ते ताऱ्याला आवळतं आणि तारा वांग्यासारखा लांबट होतो. क्षेत्र जर पट्टी-चुंबकासारखं ध्रुवाकडून ध्रुवाकडे जाणारं असेल तर तारा भाकरीच्या उंड्यासारखा चपटा होतो. खऱ्या ताऱ्यात दोन्हींचं मिश्रण असावं लागतं, एकट्याने कुठलंच टिकत नाही, मोडून पडतं.

शिरपूरना_भाऊ

वांगानी गोट वाची अन बठ्ठं समजनं. ताई धन्यवाद.

रेल्वेकॉलनी_भुसावळ

माझा प्रश्न व्यावहारिक आहे. आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याला लायगो-इंडिया होतंय, ६ एप्रिल २०२३ ला मंत्रिमंडळाने २६०० कोटी मंजूर केलेत, चार-चार किलोमीटरचे दोन हात. ते चालू झालं की त्याला हे श्वेतबटू ऐकू येतील का? आपल्या मराठवाड्यात बसून ऐकायला मिळालं तर किती छान.

तापीकाठ

मला पण आधी तेच वाटलं होतं. पण नाही येणार हो. लायगोला साधारण १० हर्ट्झच्या वरचं ऐकू येतं. ३३ सेकंदांच्या फेऱ्याची लहर ०.०३ आणि ०.०६ हर्ट्झ. म्हंजे शेकडो पटींनी खालचा सूर.

अमळनेरकर

आणि कारण तुम्हा भुसावळकरांना पटकन पटेल. मालगाडी गेली की घरातली मांडणीवरची भांडी वाजतात ना? जमीन कायम हलत असते, गाड्यांनी, समुद्राच्या लाटांनी, वाऱ्याने. लायगोचे आरसे चार-चार लोलक एकाखाली एक टांगून त्या हादऱ्यापासून वाचवलेत, पण वारंवारता जितकी खाली तितकं ते अवघड होत जातं. त्याहून पुढची अडचण म्हणजे जमीन हलली की मातीचं वस्तुमान इकडचं तिकडे होतं, आणि त्या मातीचं स्वतःचं गुरुत्वाकर्षण आरशाला ओढतं. टांगा, तरंगवा, काही करा, गुरुत्वाकर्षणाला पडदा लावता येत नाही. म्हणून इतके खालचे सूर ऐकायचे तर जमीन सोडायला लागते.

त्यासाठी लिसा आहे, युरोपच्या अवकाश संस्थेची मोहीम, जानेवारी २०२४ मध्ये तिच्यावर शिक्कामोर्तब झालं, २०३५ च्या सुमाराला सोडायचं ठरलंय. तीन यानं, त्रिकोणात, एकमेकांपासून २५ लाख किलोमीटर, पृथ्वीच्या मागोमाग सूर्याभोवती फिरणार आणि लेझरने आपसातलं अंतर मोजणार. हजारांश हर्ट्झपासून दशांश हर्ट्झपर्यंत तिचे कान सगळ्यात तीक्ष्ण. जपानची डेसिगो नावाची योजना आहे, तिची यानं १००० किलोमीटरवर, ती ०.१ ते १० हर्ट्झच्या पट्ट्यासाठी. जोरात फिरणारे चुंबकी श्वेतबटू नेमके या दोघांच्या हद्दीत येतात.

रेल्वेकॉलनी_भुसावळ

भांड्यांचं अगदी खरं. रात्री अडीचला एक लांबलचक मालगाडी जाते, कपाटाची काच बरोबर तेवढा वेळ थरथरते, आता ती थरथर ऐकली की हेच आठवणार. मग औंढ्याला या बाबतीत काहीच मिळणार नाही का?

अमळनेरकर

श्वेतबटू नाही, पण त्यांचे धाकटे चुलतभाऊ मिळू शकतात. न्यूट्रॉन तारे २०-२५ किलोमीटर व्यासाचे असतात, सेकंदाला शेकडो फेरे घेतात, त्यांची सलग लहर लायगोच्या पट्ट्यात येते. शोध चालू आहेत, अजून सापडली नाही. न सापडण्यातूनही कळतं, की अमुक ताऱ्यावरचा उंचवटा अमक्यापेक्षा मोठा नाही. औंढ्यामुळे जगातल्या लायगोंना आणखी एक लांबचा कान मिळेल आणि दिशा नीट कळेल.

नाना_पारोळा

धागा पहिल्यापासून वाचतोय. मी बँकेतून निवृत्त झालो, पण चंद्रशेखरांबद्दल शाळेत असल्यापासून वाचत आलोय. १९३० मध्ये १९ वर्षांचा मुलगा मद्रासहून इंग्लंडला निघाला आणि बोटीवर गणित मांडून त्याने काढलं की श्वेतबटूचं वस्तुमान एका मर्यादेपलीकडे जाऊच शकत नाही, सूर्याच्या साधारण १.४ पट. जानेवारी १९३५ मध्ये लंडनच्या सभेत तेव्हाचे बडे खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांनी सगळ्यांसमोर ते उडवून लावलं. १९८३ ला नोबेल मिळालं. ही गोष्ट मी कितीदा वाचली असेल.

म्हणून विचारतो. मध्यंतरी वाचनात आलं की बंगळूरच्या आयआयएस्सीतल्या काही लोकांनी चुंबकामुळे ही मर्यादा ओलांडता येते असं मांडलं. मनाला लागलं थोडं. चंद्रशेखर चुकले का?

तापीकाठ

नाना, चुकले नाहीत. त्यांची मर्यादा चुंबकक्षेत्र नसलेल्या आणि न फिरणाऱ्या ताऱ्यासाठी आहे, तिथे ती पक्की आहे. तुम्ही म्हणताय ते काम २०१३ चं, उपासना दास आणि बनिब्रत मुखोपाध्याय यांचं. त्यांनी म्हटलं की आत प्रचंड चुंबकक्षेत्र असेल तर इलेक्ट्रॉनची वागणूकच बदलते आणि श्वेतबटू सूर्याच्या २.५८ पटीपर्यंत टिकू शकतो. हे मनचं काढलेलं नाही, त्याला कारण होतं. काही सुपरनोव्हा (ताऱ्यांचे स्फोट) नेहमीपेक्षा फार जास्त तेजस्वी दिसले, २००३ एफजी, २००९ डीसी वगैरे, आणि त्यांचा हिशोब लावायचा तर फुटलेला श्वेतबटू सूर्याच्या दुपटीहून जड असायला पाहिजे असं येत होतं. १.४ च्या मर्यादेत ते बसत नव्हतं.

अमळनेरकर

यात दुसरी बाजू पण सांगायला हवी. त्या मांडणीवर बरेच आक्षेप आले. इतकं जबर क्षेत्र असेल तर तारा गोल राहूच शकत नाही आणि मूळ हिशोब गोल धरून केला होता. शिवाय इतक्या दाबाखाली इलेक्ट्रॉन अणुकेंद्रात शिरायला लागतात आणि तारा ढासळतो. बंगळूरच्या गटाने नंतर आकार चपटा-लांबट धरून, फिरणं धरून परत गणितं केली. काही जण म्हणतात त्या तेजस्वी सुपरनोव्हांना दोन श्वेतबटूंची टक्कर पुरेशी आहे. वाद मिटलेला नाही.

आणि इथेच गुरुत्वलहर कामाची. २०१९ मध्ये सुरजित कलिता आणि मुखोपाध्याय यांनी हिशोब मांडला की असे जड चुंबकी श्वेतबटू खरंच असतील आणि तिरके फिरत असतील तर त्यांची सलग लहर लिसा, डेसिगो यांना सापडू शकते. त्यांच्या मते हे तारे आकाराने लहान आणि फार मंद असणार, दुर्बिणीतून कदाचित दिसणारच नाहीत. लहर सापडली तर तोच पुरावा.

मला स्वतःला सगळ्यात जास्त ओढ या भागाची आहे, म्हणून जरा लांबवतो. २०२१ मध्ये एक श्वेतबटू जाहीर झाला, झेडटीएफ जे१९०१+१४५८, आपल्यापासून सुमारे १३० प्रकाशवर्षांवर. वस्तुमान सूर्याच्या १.३५ पट म्हणजे चंद्रशेखर मर्यादेच्या अगदी उंबऱ्यावर, आणि त्रिज्या फक्त २१०० किलोमीटरच्या आसपास, आपल्या चंद्रापेक्षा थोडा मोठा. त्याची सरासरी घनता काढा, घन सेंटिमीटरला ६५-७० टन. फेरा सात मिनिटांचा. पृष्ठभागावरचं चुंबकक्षेत्र ६० ते ९० कोटी गॉस (गॉस म्हणजे चुंबकक्षेत्राचं माप). जळगावला एमआरआय काढायला जातो ते मशीन १५ हजार गॉसचं असतं. दोन श्वेतबटू एकमेकांत मिसळून तो झाला असावा असा अंदाज आहे.

आता ऐका. हे ९० कोटी गॉस ऐकायला राक्षसी वाटतात, पण ताऱ्याच्या आतला दाब इतका अफाट आहे की एवढ्या चुंबकाने त्याचा आकार नावालाही बदलत नाही. वांगं व्हायचं तर आतलं क्षेत्र याच्या हजारो पट पाहिजे. ते आत आहे का? प्रकाशाला विचारून उपयोग नाही, प्रकाश वरच्या पातळ थरातून निघतो. गणिताने सांगता येतं की असू शकतं. पण 'आहे' म्हणायला आकार मोजायला लागेल, आणि आकार फक्त गुरुत्वलहर सांगते. चोपड्याच्या दादांचा पेचकस.

मोटारवाला_चोपडा

वाचून अंगावर काटा आला. नवीकोरी दिसणारी मोटर.

गिरणाकाठची (९ सप्टेंबर)

मी बारावी सायन्सला आहे, चाळीसगावजवळून. पहिल्यांदाच लिहितेय. श्वेतबटू जास्तीत जास्त किती जोरात फिरू शकतो? ३३ सेकंद हा रेकॉर्ड आहे का? आणि लहर फेऱ्यावर किती अवलंबून असते?

तापीकाठ

फार चांगला प्रश्न बाळा, आणि हे तुला बारावीच्या पुस्तकातल्या गणितानेच काढता येईल. विषुववृत्तावरचा दगड धर. फिरण्याचा वेग वाढत वाढत तिथल्या कक्षावेगाएवढा झाला की दगड ताऱ्याला धरून राहणार नाही, तारा कमरेपासून उसवायला लागेल. म्हणजे किमान फेऱ्याचा काळ म्हणजे पृष्ठभागाला चाटून जाणाऱ्या उपग्रहाचा काळ: २π गुणिले वर्गमूळात त्रिज्येचा घन भागिले जीएम (गुरुत्वस्थिरांक गुणिले वस्तुमान). सूर्याएवढं वस्तुमान आणि ६४०० किलोमीटर त्रिज्या टाक, ९ सेकंदांच्या जवळपास येईल. वर अमळनेरकरांनी सांगितलेला २१०० किलोमीटरवाला टाक, दीड सेकंदाच्या आसपास येईल. म्हणजे जितका जड तितका लहान, आणि तितका जोरात फिरायला वाव. दोन्ही करून बघ आणि इथे लिही.

रेकॉर्ड ३३ चा राहिला नाही. लॅमोस्ट जे०२४०+१९५२ म्हणून एक आहे, त्याचा फेरा २५ सेकंदांना जरासा कमी.

लहरीची ताकद फेऱ्यांच्या वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात. फेऱ्याचा वेळ निम्मा केला की लहर चौपट. अंतर दुप्पट केलं की निम्मी. म्हणून जवळचा, जड, जोरात फिरणारा आणि तिरका असा चारही गुणांचा तारा पाहिजे, तो मिळणं सोपं नाही. त्यात पुन्हा चुंबक जितकं जबर तितका तारा स्वतःची ऊर्जा भराभर घालवतो आणि मंदावतो. एई ॲक्वेरीचा फेरा पण हळूहळू लांबतोय, मोजलेलं आहे.

गिरणाकाठची

सर केलं. पहिल्याचं ८.८ सेकंद आलं आणि दुसऱ्याचं १.४३ (मी २१०० आणि १.३५ धरलं). दोनदा तपासलं. आधी मी किलोमीटरचे मीटर केले नव्हते म्हणून भलतंच आलं होतं.

तापीकाठ

शाब्बास!! दोन्ही बरोबर.

मोटारवाला_चोपडा

सर, इतका क्षीण आवाज आणि तिथे बाकीचा गोंगाट, मग वेगळा कसा काढणार? आमच्या पेचकसात पण शेजारची मोटर चालू असली की गडबड होते.

अमळनेरकर

दादा, तुम्ही शेतात रात्री लांबच्या ऑइल इंजिनाची टुकटुक ऐकली असेल. वारा असतो, रातकिडे असतात, आधी काहीच कळत नाही. पण एकदा का कानाला ती लय सापडली की मग वाऱ्यातूनही ती सुटत नाही, कारण पुढचा टुक कधी येणार हे आपल्याला आधीच माहीत असतं. तसंच करायचं. लिसाची चार वर्षांची नोंद घेतली तर ३३ सेकंदांवाल्याचे सुमारे ३८ लाख फेरे होतात. ते सगळे एकावर एक बरोबर लावून बेरीज करायची. गोंगाट कधी वर कधी खाली असतो, तो बराचसा आपसात कटतो, लय मात्र साठत जाते. वेळ चौपट केला की गोंगाटाच्या तुलनेत लहर दुप्पट उठून दिसते.

अपेक्षित लहरीचा साचा करून तो नोंदीवर सरकवत बघायचा, ही पद्धत गुरुत्वलहरींसाठी घडवण्यात पुण्याच्या आयुकाच्या संजीव धुरंधर सरांचा फार मोठा वाटा आहे. लिसाच्या यानांमधलं अंतर सतत बदलत असल्यामुळे लेझरचा जो गोंगाट उरतो तो गणिताने कसा घालवायचा, त्यातही त्यांनी मोलाचं काम केलंय.

आणि यानं सूर्याभोवती फिरत असल्यामुळे लहरीचा सूर वर्षभरात किंचित वर-खाली होतो, रेल्वेची शिट्टी जवळ येताना चढते तशी. तो चढ-उतार वेगवेगळ्या दिशांसाठी वेगवेगळा असतो, म्हणून त्यातूनच तारा कुठल्या दिशेला आहे ते निघतं. एई ॲक्वेरीसारख्याचा फेरा आणि दिशा आपल्याला आधीच माहीत आहे, त्यामुळे तिथे शोध बराच सोपा. न दिसणाऱ्याचा शोध मात्र फार मोठं काम, लाखो साचे लागतील.

सुलूताई_धुळे

गिरणाकाठची चाळीसगावची आहे म्हणून लिहिते. पाटणादेवीला गेली असशीलच. तिथे पाटण गावात शके ११२८ म्हणजे इ.स. १२०७ चा शिलालेख आहे, भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याची नोंद आहे त्यात. डॉ. भाऊ दाजी लाडांनी १९व्या शतकात तो उजेडात आणला. मी लग्नाआधी गणितात एमएस्सी केलं, तेव्हा सिद्धांतशिरोमणी आमच्याच खान्देशात शिकवला जायचा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ८०० वर्षांपूर्वी तुझ्या तालुक्यात पोरं ग्रहगणित शिकत बसली होती, आणि तू काल ८.८ सेकंद काढलेस. मला फार बरं वाटलं ते वाचून.

गिरणाकाठची

शाळेची सहल गेली होती पाटणादेवीला पण आम्ही फक्त देवीचं आणि महादेवाचं देऊळ बघितलं. आता परत जाईन.

नाना_पारोळा (१४ सप्टेंबर)

मला तो एई ॲक्वेरी डोळ्यांनी बघायचाय. दिसेल का? वय ६८.

तापीकाठ

नाना, दिसेल. त्याचं तेज ११व्या प्रतीच्या आसपास, ८ इंची दुर्बिणीला सहज येतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला रात्री आठच्या सुमाराला तो दक्षिणेला सगळ्यात उंचावर असतो, आपल्याकडून क्षितिजापासून जवळजवळ ६८ अंश वर, म्हंजे धूर-धुक्याचा त्रास नाही. पालच्या रस्त्याला सातपुड्याच्या पायथ्याशी मामांचं शेत आहे, तिथे गावाचा उजेड येत नाही. पौर्णिमा टाळून शनिवार धरू. दुर्बीण आहे का कुणाकडे?

मोटारवाला_चोपडा

माझ्या साडूच्या शाळेत ८ इंची आहे, धूळ खात पडली होती. स्टँडचं बेअरिंग जाम होतं, परवा जाऊन खोलून ग्रीस करून दिलं, आता मलईसारखं फिरतं. हेडसरांनी हो म्हटलंय, मी घेऊन येतो.

शिरपूरना_भाऊ

मी बी येस. शेवभाजी अन भाकरी मना कडथून.

तापीकाठ (ऑक्टोबर, रविवार सकाळ)

काल जमलो, ११ जण. नकाशा घेऊन श्रवणापासून चालत चालत जायला पाऊण तास गेला, दोनदा भलत्याच ताऱ्यावर थांबलो. मग शेजारच्या तीन ताऱ्यांचा त्रिकोण जुळला आणि सापडला. बारीक, फिकट ठिपका, त्यातला बराचसा प्रकाश त्याच्या जोडीदाराचा. आधी नानांना डोळा लावायला दिला. ते काही बोलले नाहीत, मनगटातलं घड्याळ उजेडात धरून ३३ सेकंद मोजत राहिले. मग म्हणाले, एक फेरा झाला. गिरणाकाठचीने तिच्या वडिलांना बरोबर आणलं होतं, त्यांनाही तिने तसंच मोजायला लावलं.

वीस मिनिटांनी परत बघितलं तेव्हा शेजारच्या ताऱ्याच्या मानाने तो थोडा उजळ वाटला, तिघांना तसं वाटलं. हा तारा मिनिटामिनिटाला तेज बदलतो हे माहीत होतं, तरी डोळ्यासमोर बघताना वेगळंच. पुढच्या शनिवारी दर पाच मिनिटांनी शेजारच्या दोन ताऱ्यांशी ताडून नोंद करायची ठरलंय, वही गिरणाकाठचीकडे. चटया कमी पडल्या, येताना आपापली आणा, आणि पहाटे गवतावर दव फार पडतं.